आधी गेमर व्हा, खेळायचं नंतर बघू

गेमचा कन्सोल घरी आला, एचडीएमआयची वायर टीव्हीला लागली, "एवढ्या पैशात सेकंडहँड स्कूटर आली असती" हे शेजारच्या काकांचं सांगून झालं. आता तुम्ही कंट्रोलर हातात घेऊन काहीतरी खेळायला बसाल. थांबा. गेम काय, शाळेतली पोरंही खेळतात. तुम्हाला गेमर व्हायचंय, आणि या दोन गोष्टींचा आता एकमेकींशी फारसा संबंध उरलेला नाही.

गेमरचं पहिलं काम म्हणजे वाट पाहणं. त्यासाठी 'जीटीए ६' या गेमसारखा गुरू नाही. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, तोही आधी लीक झाला म्हणून घाईघाईत. गेम येणार होता २०२५ मध्ये. मग तारीख पडली २६ मे २०२६. मग १९ नोव्हेंबर २०२६. वडिलोपार्जित जमिनीचा दावा पाहिलेल्या घरातल्या माणसाला हे सहज जमतं, बाकीच्यांना सराव करावा लागतो. तारीख पुढे गेली की म्हणायचं, "उशिरा येऊ दे, पण चांगला येऊ दे." हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे फार ठिकाणी लागतं. मधल्या काळात ट्रेलर थांबवून थांबवून पाहा. गाडीची नंबरप्लेट, मागच्या भिंतीवरचं पोस्टर, बिअरच्या बाटलीतले बुडबुडे, या प्रत्येकावर तुमचं स्वतंत्र मत हवं.

वाट पाहताना हात रिकामे राहू नयेत म्हणून 'जीटीए ५' आहेच. २०१३ मध्ये तो सोनीच्या प्लेस्टेशन ३ म्हणजे पीएस३ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला, २०१४ मध्ये त्यापुढच्या कन्सोलवर, २०२२ मध्ये त्याहीपुढच्या. तेच शहर, तेच तीन नायक, तोच पहिला दरोडा. तिन्ही वेळा पैसे देऊन घेतला असेल तर तुम्हाला मार्गदर्शनाची गरज नाही, इथूनच उठलात तरी चालेल.

बाकीच्यांसाठी पुढचा धडा प्री-ऑर्डरचा, म्हणजे गेम निघायच्या आधीच पैसे भरण्याचा. ही पद्धत दुकानातल्या डिस्क संपायच्या त्या काळातली. आता गेम डाउनलोड होतो. सर्व्हरवरचा माल संपला म्हणून कुणी हात हलवत परत आल्याचं ऐकिवात नाही. तरीही पैसे आधीच द्यायचे, कारण त्यावर गेममधली एक सोनेरी बंदूक आणि घोड्याचं वेगळं खोगीर मिळतं. घोड्यावरून आठवलं. 'ऑब्लिव्हियन' या गेमनं २००६ मध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा गेमर मंडळी भयंकर संतापली होती. संतापली, आणि घेत राहिली. पुढचा सगळा धंदा या दुसऱ्या क्रियापदावर उभा आहे.

प्री-ऑर्डर नीट समजून घ्यायची असेल तर 'सायबरपंक २०७७' या गेमचा अभ्यास करा. २०१३ च्या टीझरमध्ये तारखेच्या जागी लिहिलं होतं, तयार होईल तेव्हा येईल. इतकं प्रामाणिक वाक्य या धंद्यात पुन्हा क्वचितच कुणी लिहिलं असेल. मग तारखा आल्या: एप्रिल २०२०, सप्टेंबर, नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम 'गोल्ड' झाल्याची घोषणा झाली, म्हणजे काम संपलं, डिस्क छापायला मोकळे. त्याच महिन्याच्या शेवटी तो आणखी तीन आठवडे पुढे गेला. अखेर १० डिसेंबरला आला, तोवर सुमारे ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. पीएस४ वर त्यांना काय मिळालं? दोन्ही हात आडवे पसरून उभी असलेली माणसं, डोळ्यांदेखत हवेतून प्रकट होणाऱ्या गाड्या, आणि दर थोड्या वेळानं बंद पडून परत मेनूत सोडणारा गेम. आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुन्हा दुकानात लागायला जून २०२१ उजाडला.

अशा वेळी कच्चा गेमर कंपनीवर चिडतो. पक्का गेमर तक्रार करणाऱ्यावर चिडतो. "एवढ्या जुन्या मशीनवर कसा चालेल तो?" असं ठणकावून विचारा. "त्याच मशीनसाठी विकला होता ना?" असं उलट विचारणारा भेटलाच, तर विषय पावसात चमकणाऱ्या रस्त्यांकडे न्या. २०२३ मध्ये त्याचा मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा हप्ता, आला आणि गेम खरोखर उत्तम झाला, यात वाद नाही. आपण तीन वर्षं आधी पूर्ण किंमत मोजून त्याचं टेस्टिंग करून दिलं होतं. त्याला 'मी पहिल्या दिवसापासून सोबत होतो' असं म्हणायची पद्धत आहे.

आता मालकीबद्दल. विकत घेतलेली वस्तू आपली असते हा समज मनातून काढून टाका, म्हणजे छंद हलका वाटू लागेल. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि पाठोपाठ लोकांचे परवानेही काढून घेतले. एकट्यानं खेळायचा भागसुद्धा इंटरनेटशिवाय चालत नव्हता, त्यामुळे डिस्क कपाटात जपून ठेवलेल्यांकडे आता एक सुंदर गोल चकती आहे. काही चिडखोर मंडळींनी यावर युरोपात सह्यांची मोहीम चालवून दहा लाखांवर सह्या जमवल्या. तुम्ही त्यात पडू नका, तेवढ्या वेळात एक ट्रेलर पाहून होतो. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलच्या काही गेमचं कार्ड तर आणखी पुढे गेलेलं आहे. त्यात गेमच नसतो, गेम डाउनलोड करायची किल्ली असते. लहानपणी ९९९९ गेमच्या कॅसेटला फुंकर मारून कन्सोल चालवलेल्यांना वाईट वाटेल, कारण त्या लबाड कॅसेटमध्येसुद्धा पाच-सहा गेम खरे असायचे.

आपल्या देशात राहून गेमर होण्याचे काही खास फायदे आहेत. पीएस५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये निघाला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे वाट पाहण्याचा बोनस आपल्याला. डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. दोन वर्षं थांबणाऱ्या शहाण्यांची सोय होती. हा दोन वर्षांनी ५४,९९० झाला. थांबणाऱ्यांची खोड अशी मोडली.

मग नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस५ प्रो आला. किंमत ७०० डॉलर, डिस्क ड्राइव्ह वेगळा, उभा करायचा स्टँड वेगळा. भारतात तो तेव्हा आलाच नाही. कारण मोठं गोड आहे: त्यातल्या नव्या वायफायला जो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, तो आपल्याकडे तेव्हा खुला झालेला नव्हता. दूरसंचार नियमांनी इतक्या घरांतले इतके पैसे एका फटक्यात वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कुणी आभारसुद्धा मानले नाहीत. उलट दुबईहून कोण येणार आहे याची चौकशी सुरू झाली.

निन्टेन्डोनं तर स्विच इथे अधिकृतपणे कधी विकलाच नाही. तो तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा आयात मालाच्या ऑनलाइन दुकानातून; वॉरंटी दुकानदार तोंडानं सांगेल तेवढी. आणि नेमक्या याच कन्सोलवर ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' आला, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला. सर्कशीत कसरती करणारी मुलगी, पळवून नेलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, देवांनी दिलेली शस्त्रं, राजस्थानी धाटणीचे महाल, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. बाकीच्या कन्सोलवर तो ऑक्टोबरमध्ये पोचला. म्हणजे पुण्यात बनलेला गेम आधी त्या मशीनवर निघाला, जे पुण्यात अधिकृतपणे मिळत नाही. त्याआधी २०१७ मध्ये या मंडळींनी गेमसाठी लोकवर्गणी काढून पाहिली होती, ती पुरेशी जमली नाही. स्वाभाविक आहे. त्या सुमारास आपण सोनेरी बंदुकीचे पैसे भरत होतो.

'राजी' शक्यतो खेळू नका. "आपल्याकडे असे गेम का बनत नाहीत?" हे वाक्य गेमरच्या तोंडी शोभून दिसतं, आणि 'राजी' खेळल्यावर ते त्याच जोरात म्हणता येत नाही. गेममध्ये दोष आहेत, मारामारी काही ठिकाणी अडखळते. ते न खेळताही सांगता येतं.

न खेळता सांगणं ही तर अत्यावश्यक कला. 'काँकॉर्ड' हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्याचं विसर्जन होऊन गेलं. तो प्रत्यक्ष खेळलेली माणसं फार थोडी, पण तो का पडला हे सविस्तर सांगणारी प्रत्येक सोसायटीत दोन मिळतील. तुम्ही तिसरे व्हा. शब्द थोडेच लागतात: ऑप्टिमायझेशन, फ्रेमरेट, आणि शेवटी सुस्कारा टाकून "सोल नाही रे त्यात." 'स्कल अँड बोन्स'ला तर युबिसॉफ्टच्या प्रमुखांनीच, मोठ्या बजेटच्या गेमला म्हणतात त्या 'ट्रिपल ए'च्याही पुढचा, चार 'ए'वाला गेम म्हटलं होतं. अशी विशेषणं आयती मिळतात तेव्हा खेळायचे कष्ट कशाला घ्या?

सबस्क्रिप्शन घ्या हे सांगायला नकोच. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत २० डॉलरचा ३० झाला, आपल्याकडे ८२९ रुपयांचा १,३८९. त्यात शेकडो गेम मिळतात. रात्री जेवण झाल्यावर तासभर ते वरखाली सरकवायचे, दोन डाउनलोडला लावायचे, आणि जागा नाही असा निरोप आला की झोपायचं. पहिल्या पीएस५ ची ८२५ जीबीची ड्राइव्ह, त्यातली वापरायला साधारण ६६७. रोज कुठला गेम उडवायचा हे ठरवण्यात जी रणनीती लागते, ती कुठल्याही रणनीतीच्या गेममध्ये नाही.

एका धोक्याची सूचना मात्र द्यायला हवी. अधूनमधून असे काही गेम येतात जे पहिल्या दिवशीच पूर्ण असतात. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या एका छोट्या चमूनं 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' काढला, मोठ्या गेमपेक्षा कमी किमतीत, आणि २०२५ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान घेऊन गेला. 'सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला आला. किंमत २० डॉलर, प्री-ऑर्डर नाही, सोनेरी बंदूक नाही, तरी पहिल्या दिवशी दुकानांच्या साइट कोसळल्या. या लोकांचं तोंडभरून कौतुक करा, "छोट्या टीमच हा धंदा वाचवतील" असंही म्हणा, आणि लगेच पाच हजारांच्या पुढच्या गेमची डिलक्स आवृत्ती बुक करून टाका. हे गेम सुरू मात्र करू नका. एकदा केलेत की पॅच नाही, अर्धवट काही नाही, तक्रारीला जागा नाही. पहाटेचे तीन वाजतील, हाताशी काही मतही नसेल, आणि तेवढ्यात कुठेतरी कुणाचा तरी ट्रेलर येऊन गेलेला असेल, जो तुमच्याआधी त्या सोसायटीतल्या दोघांनी पाहिलाय.