परवडतं म्हणून गप्प

पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपात डोकवा, तीन विषय आलटून पालटून सापडतील. पाणी, पनीर आणि विजेचं बिल. चौथा पक्षांचा. तो निघाला की ॲडमिन ग्रुपला कुलूप घालतो आणि दोन दिवस गुड मॉर्निंगसुद्धा येत नाहीत, एवढाच त्यातला फायदा.

मी या चर्चा मन लावून वाचते. माणसं शिकलेली आहेत, पीडीएफ उघडून वाचणारी आहेत. तरी प्रत्येक चर्चा शेवटी एकाच जागी जाऊन थांबते. कोणीतरी लिंक टाकतं. आरओची, ए-टू दुधाची, इन्व्हर्टरची, सोलरवाल्याची. खाली चार अंगठे येतात आणि विषय मिटतो. थोडं लागेल असं बोलते: आपल्याला परवडतं म्हणून आपण तक्रार करत नाही, खरेदी करतो. आणि हल्ली ती खरेदीसुद्धा आपल्याला वाचवत नाहीये.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण ते दारात घडलं. जानेवारी 2025 मध्ये आमच्या पट्ट्यातल्या नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे), किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले. आधी जुलाब, मग आठवड्याभरात पायातली शक्ती जायची, काहींना थेट व्हेंटिलेटर. बघता बघता आकडा दोनशेच्या आसपास गेला, त्यात मृत्यूही झाले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो पोटात गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती काहींच्या बाबतीत स्वतःच्याच नसांवर उलटते. संशय पाण्यावर गेला, मधेच कोंबडीवर गेला, चिकनवाल्यांचा धंदा काही दिवस बसला.

आता पाणी येतं कुठून ते बघा. खडकवासला धरण आपल्या उशाशी. त्याचं पाणी आपल्या अंगणावरून पर्वतीला जातं, तिथे शुद्ध होतं आणि शहराला मिळतं. नांदेड गावच्या विहिरीत मात्र तेच पाणी कच्चं यायचं आणि ब्लीचिंग पावडर पडून घराघरांत जायचं. मध्ये गाळण नाही, शुद्धीकरण प्रकल्प नाही. पावडर वेळेवर आणि पुरेशी पडली तर ठीक.

त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा पडलेला प्रश्न होता, "जार कोणाकडून घेता?" लोकांनी नळ सोडला आणि वीस लिटरचे जार धरले. मग महापालिकेने खासगी आरओ केंद्रांतल्या पाण्याचे नमुने तपासले, तर बऱ्याच ठिकाणचं पाणी पिण्यालायक निघालं नाही आणि केंद्रांना टाळं लागलं. म्हणजे महिनाभर पैसे मोजून घेतलेलं पाणी फुकटच्या पाण्यापेक्षा चांगलं होतंच असं नाही. यामागचं कारण साधं आहे. आरओच्या यंत्रात पाण्यातला क्लोरीनही निघून जातो. पुढे ते पाणी नीट न धुतलेल्या जारमध्ये भरलं, टेम्पोत उन्हात फिरलं, की त्यात शिरलेल्या जिवाणूला अडवणारं काहीच उरत नाही. शिवाय सीलबंद बाटलीला जे नियम लागतात ते या थंड पाण्याच्या सुट्या जारला तसे लागत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवायचं कोणी, यावरच सरकारी खात्यांची टोलवाटोलवी चालते.

तर मग नळाच्या पाण्याबद्दल भांडायचं कोणाशी? इथे मला खरी बातमी दिसते आणि ती आमच्या ग्रुपवर कधी आलीच नाही. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी यांच्यासह 23 गावं जून 2021 च्या अखेरीला पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या, सरपंच गेले. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. निवडणूक आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात कोर्टात अडकली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, आणि प्रत्यक्ष मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. धायरी 2017 सालीच महापालिकेत आली होती, पण या 23 गावांनी मत देऊन निवडलेला नगरसेवक त्याआधी एकदाही पाहिलेला नव्हता. साडेचार वर्षं. मिळकतकराची बिलं मात्र येत होती.

जीबीएसची साथ बरोबर त्याच काळात आली. गावाला सरपंच असता तर बायका हंडे घेऊन त्याच्या दारात बसल्या असत्या. नगरसेवक असता तर निदान फ्लेक्सवरून त्याचा नंबर तरी मिळाला असता. प्रशासक हा अधिकारी असतो, त्याला कोणाच्या मताची गरज नसते. मी प्रशासकांना वाईट म्हणत नाहीये, त्यांनी साथीत महापालिकेच्या दवाखान्यांत उपचार केले, टँकर लावले. पण साथ येण्याआधी "विहिरीवर गाळणी कधी बसवता" असं विचारून वीट आणणारं माणूस त्या खुर्चीच्या समोर बसलेलं नव्हतं. आणि आम्ही सोसायटीवाले? आमच्याकडे टँकर होता, आरओ होता. विहिरीचं पाणी वस्तीतल्या खोल्यांमध्ये जात होतं, जिथून आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई येतात. त्यांना जारही दर महिन्याला परवडत नाही.

पनीरचं जरा थोडक्यात सांगते, कारण त्यावर व्हिडिओ पुरेसे फिरलेत. मार्च 2025 मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी नकली पनीरचा विषय विधानसभेत मांडला. दुधाच्या पट्ट्यातल्या आमदाराने तो मांडावा यात आश्चर्य नाही. दुधातली चरबी काढून तिच्या जागी पामतेल घालून केलेला पदार्थ पनीरसारखा दिसतो, तव्यावर तसाच वागतो आणि बराच स्वस्त पडतो. तो विकणं हा गुन्हा नाही, पनीर म्हणून विकणं हा गुन्हा आहे. 2024 मध्ये गायीच्या दुधाचा भाव इतका पडला होता की सरकारला लिटरमागे आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान द्यावं लागलं. एकीकडे ते अनुदान आपल्या करातून आणि दुसरीकडे ताटात पामतेल.

आमच्या ग्रुपवर उपाय आला टिंक्चर आयोडीनचा. थेंब टाका, निळं झालं तर भेसळ. बी विंगमधल्या एका काकांनी हॉटेलातून आणलेल्या पनीर टिक्क्यावर प्रयोग करून फोटोही टाकला, रंग बदलला नाही म्हणून सगळे खूश. अहो, आयोडीन स्टार्च ओळखतं. तेलात स्टार्च नसतो. म्हणजे सगळ्यात जास्त प्रमाणात जी फसवणूक होते ती या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होणार. चरबी कुठली आहे हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

आणि प्रयोगशाळेचा रस्ता आपल्यासाठी बंद नाही. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे, त्याच्या 40 व्या कलमात साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की विकत घेताना दुकानदाराला तसं सांगायचं. भेसळ निघाली तर फी परत मिळते. हे करायला धीर लागतो, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला तोंडावर "हे मी तपासायला नेतेय" म्हणणं सोपं नाही. ते नको असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा नंबर आहे. बिलावर 14 आकडी परवाना क्रमांक छापणं हॉटेलांना बंधनकारक आहे, तो तक्रारीत द्या. आम्ही काय केलं? "घरी पनीर करण्याची सोपी पद्धत" अशी लिंक आली.

वीज. इथे मला पुण्याचाच एक जुना किस्सा सांगायचाय, कारण तरुण मंडळींना तो ठाऊक नसतो. 2005-06 च्या सुमाराला महाराष्ट्रभर भारनियमन होतं. पुण्यात लोकांनी काय करावं? इन्व्हर्टर घेतलेच. पण त्याबरोबर प्रयास, सजग नागरिक मंच, ग्राहक पंचायत या संस्था आणि कारखानदारांची संघटना सीआयआय ही मंडळी विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे गेली. तोडगा असा निघाला की टंचाईच्या तासांना कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी युनिटमागे थोडे पैसे जास्त भरून उचलायचा. जाहीर सुनावणी झाली, लोक बोलले, आयोगाने मान्यता दिली, आणि राज्य अंधारात असताना पुण्यात दिवे राहिले. त्यावर टीकाही करता येते. ज्या शहराला परवडलं त्याने वीज घेतली, खेडं तसंच राहिलं. ती टीका मला मान्य आहे. तरीही ते सगळ्यांनी मिळून, उघड्यावर, हिशेब मांडून केलेलं काम होतं.

आजचं बघा. मार्च 2025 च्या 28 तारखेला आयोगाने महावितरणच्या दरांचा आदेश काढला, दर कमी होणार म्हणून बातम्या झळकल्या. पाच दिवसांत त्या आदेशाला स्थगिती. 25 जूनला नवा आदेश, 1 जुलैपासून नवे दर. एवढी उलथापालथ झाली आणि आमच्या ग्रुपवर चर्चा कसली, तर स्मार्ट मीटर जोरात पळतो का. जुलै 2025 च्या त्या दरांत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला युनिटमागे 80 पैशांपासून सवलत ठेवली होती हे निम्म्यांना माहीत नव्हतं. आणि ज्यांच्या घरी दुपारी कोणीच नसतं त्यांना ती काय कामाची, हा प्रश्न सुनावणीत विचारायचा असतो. सुनावण्या ऑनलाइनही होतात हो! लेखी हरकत घरबसल्या पाठवता येते.

सोलरबद्दल माझ्यावर कोणी उलटण्याआधी सांगते, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनल बसवावेत या बाजूने मी आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये मिळतात, लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यातून बरंच उतरेल. पण ज्यांच्याकडे गच्ची आहे ते महावितरणचे चांगले पैसे देणारे ग्राहक आहेत. ते कमी झाले की खांब, तारा, रोहित्रं यांचा खर्च उरलेल्यांच्या युनिटवर बसतो, आणि उरलेल्यांत पुन्हा वस्तीतल्या त्याच खोल्या आहेत. पॅनल लावा, फक्त त्यानंतर दरवाढीच्या बातमीवर "आपलं काय जातं" असं लिहू नका.

पक्षांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आणि त्यावर फार बोलायचं नाहीये. कोण कुठल्या चिन्हावर निवडून आलं याच्याशी विहिरीचा संबंध मला कमी दिसतो. आता प्रभागाला चार-चार नगरसेवक आहेत. चौघे असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार हे गृहीत धरून एकच अर्ज चौघांच्या नावे द्यावा आणि क्षेत्रीय कार्यालयात आवक क्रमांक घ्यावा. तोंडी सांगून "बघतो ताई" ऐकून घरी यायचं नाही.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत मोठा आरओ बसवायचा ठराव आहे. मी विरोध करणार नाही, लहान मुलं आहेत इमारतीत, लोक घाबरलेत, ते मला कळतं. पण त्याच ठरावात आणखी एक ओळ घाला असं मी म्हणणार आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे बघणारी ओटी टेस्ट रोज सकाळी करायची. ओटीचं द्रावण फार महाग नाही, वॉचमनदादाही करू शकतात: नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवा. वहीत नोंद ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी तिची झेरॉक्स पाणीपुरवठा विभागाला द्यायची. रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीतल्या एका नळाचीही नोंद त्याच वहीत हवी. पाइपलाइन एकच आहे.

नांदेड, किरकटवाडी, धायरीकडच्या कोणी हे आधीपासून करत असेल तर कमेंटमध्ये सांगा. आरओच्या लिंका टाकल्यात तर डिलीट करीन.