लेयर कटने केस दाट होत नाहीत

‘दर महिन्याला लेयर कट (केस वेगवेगळ्या लांबीच्या थरांत कापणे) केला आणि पुढे बँग्ज (कपाळावर येणाऱ्या आखूड बटा) कापल्या की केस दाट होतात व दुप्पट वेगाने वाढतात’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. केसाची वाढ टाळूतील मुळाशी, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर होते, आणि बाहेर दिसणारा केस निर्जीव असल्याने कात्रीचा मुळावर परिणाम होत नाही. रंगवलेल्या केसांची टोके कापली, तरी मुळाशी उगवणारा बिनरंगाचा पट्टा पूर्वीच्याच गतीने रुंदावतो. लेयरमुळे वजन हलके होऊन केस भरलेले दिसतात, इतकेच. विरळ केसांना फार लेयर दिल्यास टोके उलट अधिकच विरळ दिसतात, आणि अशाच केसांच्या व्यक्ती या संदेशावर आशेने विसंबतात, याचे फार वाईट वाटते. म्हणून तो कृपया पुढे पाठवू नका आणि पाठवला असल्यास हा खुलासाही त्याच ठिकाणी पाठवा.