पब्लिकला हेच लागतं म्हणे!

आज सकाळी डबे भरत असताना मेसेज आला. "ताई, आमच्या कॅम्पला फाइव्ह स्टार द्या आणि पुढच्या वेळी दहा टक्के सूट मिळवा." खाली जोडलेले हात आणि तंबूचं चित्र. माझी तव्यावरची पोळी करपली. शनिवारपासून दात-ओठ खाऊन गप्प होते. आता नाही राहवत.

चांदोलीच्या अलीकडे, धरणापासून जवळच होती ती जागा. नाव घेत नाही, कारण त्या रस्त्याला तशी ती एकटीच नाही. सांगलीतून निघालं की आष्टा, इस्लामपूर, पेठ, शिराळा, कोकरूड, आरळा असं करत तीन तास गाडीत बसून आपण पोहोचतो कुठं, तर डीजेपुढं. तो डीजे ऐकायला आमच्या गल्लीतलं कुठलंही लग्न पुरे होतं की हो!

दीड महिना जागा शोधत होते. मागणी काय, तर तंबू लावण्यापुरती सपाट जमीन, पाणी, एक संडास आणि अंधार. तंबू आमचा, गाद्या आमच्या, स्टोव्ह आमचा. पहिल्यानं विचारलं, कपल आहे का ग्रुप? फॅमिली म्हटल्यावर म्हणाला, मग कॉटेज घ्या. दुसऱ्याला किमान दहा माणसं लागतात. तिसरा कोयनेच्या बॅकवॉटरकडचा. त्यानं दोन हजार ॲडव्हान्स घेतला आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही, आजतागायत. चौथा म्हणाला, स्वतःचा तंबू आणला तरी पैसे तेवढेच, आणि बाहेरचं खाणं चालणार नाही. मणदूरच्या बाजूचा एक शेतकरी मात्र भला माणूस. अंगणात झोपा म्हणाला, पैसेही नकोत. पण लगेच म्हणाला, "ताई, बिबट्या फिरतोय, पोराला काय झालं तर मी काय तोंड दाखवू?" त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. त्यानं खरं सांगितलं.

आणि चांदोलीच्या जंगलात आत मुक्काम करता येत नाही, याबद्दलही माझी तक्रार नाही, आधीच सांगते. १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयनेसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ ला जागतिक वारसा. तीनशे सतरा चौरस किलोमीटरचं ते जंगल रात्री जनावरांचंच असलं पाहिजे. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर मुक्काम बंद झाला तेव्हा आमच्या ग्रुपमधले किती कुरकुरले, पण मी म्हटलं, बरं झालं. तिथं चुली मांडून, बाटल्या फोडून काय अवस्था केली होती ती डोळ्यांनी बघितली आहे. म्हणून तर आम्ही बाहेर जागा शोधत होतो. वेशीवर, मुकाट्यानं, कुणाला त्रास न देता.

सोबत अण्णा होते, आमचे सासरे. त्यांचं गाव त्याच जंगलात होतं. उठवलं, पुनर्वसन झालं, सपाटीवर आले. देवळाची घंटा काढून आणली एवढंच ते कधीतरी सांगतात. बाकी गप्प. या वेळी स्वतःहून म्हणाले, मीपण येतो. अण्णा चुकून कुठं येतो म्हणत नाहीत हो. अमावास्येजवळचा शनिवार मुद्दाम धरला होता, नातवाला मृग आणि कृत्तिका दाखवायच्या म्हणून.

पोहोचलो तर फाटकावर बोर्ड, "निसर्गाच्या सानिध्यात". अरे, सान्निध्य लिहा की! बोर्डाला पैसे आहेत, शब्दाला एक न जास्त घालायला जीव जातो. आत जेमतेम पाऊण एकरात बत्तीस तंबू. मी मोजले. एकाची दोरी दुसऱ्याच्या दारात. प्रत्येक झाडाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, जांभळ्या-हिरव्या, लुकलुकणाऱ्या. झाडांना कसली दिवाळी? मधोमध स्टेज, स्टेजवर माणसाएवढे चार स्पीकर, आणि आकाशात फिरणारा लेसर. पोरानं मान वर करून विचारलं, "आई, मृग कुठाय?" काय सांगू त्याला?

माणशी बाराशे. सहा वर्षांच्या पोराचेही पूर्ण. चौघांचे चार हजार आठशे मोजले, कारण अंधार पडत आला होता आणि परत फिरायचं तर घाटवळणाचा रस्ता. त्यांना हे पक्कं माहीत असतं.

सातला सुरू झालं. पोटात धडधड होईपर्यंत आवाज. तंबूचं कापड थरथरत होतं, पाण्याच्या बाटलीत पाणी थरथरत होतं. मालकाला जाऊन सांगितलं, दहानंतर कायद्यानं बंद लागतं, २००० सालचा नियम आहे, रात्री १० ते सकाळी ६. तो हसला. "आवं ताई, हितं कोण येतंय बघायला? एक दिवस करा की ॲडजस्ट." ११२ लावावा तर मोबाइलला एक कांडीसुद्धा नाही.

ॲडजस्ट! हा शब्द माझ्यासमोर परत कुणी काढू नका. एसटीत ॲडजस्ट, दवाखान्यात ॲडजस्ट, गणपतीत खिडक्यांच्या काचा हादरतात तेव्हा ॲडजस्ट. कासला दोन वर्षांपूर्वी एक बाई फुलांच्या गालिच्यात लोळून फोटो काढत होती. उठा म्हटलं, तर तिचा नवरा मला म्हणतो, ॲडजस्ट करा, दोन मिनिटं. ती फुलं वर्षातून एकदाच येतात आणि तुम्हाला दोन मिनिटं हवीत!

साडेदहाला लाइट गेली. सगळीच. स्पीकर, माळा, लेसर, सगळं गप्प. जनरेटर चालू होईपर्यंत चार-पाच मिनिटं असतील. पोरं ओरडली, शिट्ट्या मारल्या, मग तीही थकली. आणि ओढ्याच्या पलीकडून आवाज आला. कुत्रं भुंकावं तसा, पण एकेक, थांबून थांबून, घसा खरवडून काढल्यासारखा. अण्णा उठून बसले. म्हणाले, "भेकर. काहीतरी बघितलंय त्यानं." पोरानं माझा हात गच्च धरला, त्याची बोटं थंडगार. वर बघितलं तर मृग अगदी लख्ख, तीन ताऱ्यांचा बाण स्पष्ट. अण्णा दिशा सांगत होते, तिकडं टेकाड आहे, त्याच्या खाली आमची पाणंद होती. चांगले बोलत होते. मी त्यांना एवढं बोलताना लग्नापासून ऐकलेलं नाही.

जनरेटर फटफटला. "आवाज वाढव!" कुणीतरी ओरडलं. अण्णा वाक्याच्या मध्ये थांबले ते थांबलेच. थोड्या वेळानं कानात कापूस घातला आणि गाडीत जाऊन झोपले. त्यांच्याच जंगलाच्या दारात, काचा वर करून.

बाराला कुणाचा तरी वाढदिवस. केक, फवारे, आणि मग ते कागदी कंदील. आत मेणबत्तीसारखं काहीतरी पेटवून हवेत सोडतात ते. फेब्रुवारी महिना, गवत वाळून कडकडीत झालेलं, वारा सुटलेला, आणि ही माणसं पेटती वस्तू हवेत सोडतात! सहा सोडले. पाच गेले कुठंतरी, कुठं गेले देव जाणे. सहावा तारेच्या कुंपणापलीकडं गवतात उतरला. आधी नुसता लाल ठिपका, मग गवत चर्रकन पेटलं. आमचे हे कुंपणाखालून सरपटत गेले, मागून अण्णा. सत्तरी ओलांडलेला माणूस गाडीतून उठून धावला. जांभळीची डहाळी मोडली आणि झोडपायला लागले. मी पाण्याचा कॅन नेला. विझलं. खाटेएवढा काळा डाग राहिला आणि यांच्या पोटरीवर भाजल्याचा चट्टा. तेवढ्या वेळात दहा-बारा जण काय करत होते? मोबाइल वर धरून शूटिंग. एकानं "भारी!" म्हटलं.

वणवा म्हणजे काय हे यांना माहीत नाही? त्या गवतात टिटवी, लावा अंडी घालतात. ओढ्याच्या वर लगेच जंगल लागतं. २०२५ ला ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली, इथं वाघ परत नांदावा म्हणून. किती माणसं रात्रंदिवस राबली असतील त्यामागं. आणि तिच्या उंबऱ्यावर हे असले कंदील.

मालकाकडं गेले तेव्हा माझे हात काळे होते आणि आवाज बसला होता. त्यानं काय उत्तर द्यावं? "सॉरी मॅडम. पण पब्लिकला हेच लागतं."

मी कोण मग? माझे पैसे पब्लिकचे नाहीत? आमच्या शेजारच्या तंबूत पुण्याचं एक जोडपं होतं, तान्ह्या बाळाला घेऊन. ती पोरगी रात्रभर बाळाच्या कानांवर हात धरून बसली होती. ती पब्लिक नाही? पलीकडं मिरजेचे दोघं कॉलेजचे मुलगे दुर्बीण घेऊन आलेले, पक्षी बघायला. पहाटे पाचला तोंड पाडून निघून गेले. तेही नाहीत? रात्री ओरडणारे मोजले तर पंधरा निघतील. बाकीचे सगळे तंबूत डोळे उघडे ठेवून पडलेले होते. पंधरांसाठी शंभरांची रात्र घालवायची आणि वर म्हणायचं, पब्लिकला हेच लागतं!

सकाळी ओढ्यात थर्माकोलच्या ताटल्या तरंगत होत्या. ते पाणी कुठं जातं? वारणेला. आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, म्हणजे खालच्या गावांच्या घशात. अण्णांनी वाकून चार ताटल्या उचलल्या, घडी घालून आमच्या डिकीत ठेवल्या. परतीच्या वाटेवर ते एक अक्षर बोलले नाहीत.

तर फाइव्ह स्टार मी देणार नाही. एक स्टार दिला आणि हे सगळं त्याखाली लिहिलं. दुपारपर्यंत ते काढून टाकलेलं होतं.

शिराळा, पाटण, जावळी, कुठल्याही बाजूला, जंगलाजवळ कुणाचं खळं असेल, परडं असेल, पडीक वावर असेल, तर मला खरंच कळवा. विहिरीचं पाणी चालेल, संडास साधा चालेल, पिठलं-भाकरी मिळाली तर सोन्याहून पिवळं. माणशी बाराशेच देईन, तुम्ही नको म्हटलं तरी देईन. स्पीकर नको, माळा नकोत. पुढची अमावास्या मार्चात आहे आणि अण्णा अजून हो म्हणतायत.