नाटकाला खुर्ची नव्हती

तिकीट साडेसातशेचं आणि त्यावर आसन क्रमांकच नाही. मी भाचीला म्हटलं, "सई, यांचं छापायचं राहिलंय." ती म्हणाली, "मामा, इमर्सिव्ह आहे. यात बसायचं नसतं."

नाटकाची माझी कल्पना साधी आहे. तिसरी घंटा होते. मोबाईल बंद ठेवण्याची विनंती होते. ती ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या काकांना फोनची आठवण होते आणि ते कोणाला तरी "नाटकाला बसलोय, नंतर करतो" असं सगळ्या थिएटरला ऐकू जाईल इतक्या हळू सांगतात. मग पडदा. मध्यंतरात बटाटेवडा, दुसऱ्या अंकात त्याचे ढेकर. नटांनी तिकडे राहायचं, आपण इकडे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून सीतेने प्रेक्षकांत उतरून "तुम्हाला काय वाटतं, धनुष्य कोणी मोडलं?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

सईने मला न्यूयॉर्कचं उदाहरण दिलं. तिथे २०११ पासून चौदाएक वर्षं असा एक प्रयोग चालला, प्रेक्षकांना पांढरे मुखवटे देऊन मजल्यामजल्यांवर मोकळं सोडायचे. मी म्हटलं, कोकणात शिमग्याला संकासुर थेट अंगणात येतो, पोरं किंचाळत माजघरात पळतात, त्याला कोणी इमर्सिव्ह म्हणत नाही आणि साडेसातशेही देत नाही. पण तिने तिकिटं काढली होती. "उभं राहून खोटं ऐकायचं तर मी सोसायटीच्या मीटिंगला जाते," असं म्हणून हिने अंग काढून घेतलं आणि मी अडकलो.

विषय होता अफवा आणि डिजिटल स्मृती. आधी एक फॉर्म भरायचा होता. नाव, तुम्ही पुढे पाठवलेले कोणतेही पाच मेसेज, आणि 'कायम लक्षात राहिलेला एक दिवस' स्वतःच्या आवाजात, एका मिनिटात. शेवटी 'वरील सर्व अटी मान्य'. तिथे टिचकी मारण्याआधी वरचं सर्व वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझा दिवस ठरलेलाच होता. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध प्यायले तो दिवस. गणपती विसर्जन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, पितृपंधरवडा चालू होता, पण भूक लागली गणपतीला. पहाटे दिल्लीच्या एका देवळातून बातमी निघाली आणि व्हॉट्सॲप नसताना, मोबाईल जेमतेम आलेला असताना दुपारपर्यंत देशभर आणि संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळांत पोचली, ती निव्वळ एसटीडी बूथच्या जोरावर. मी आठवीत होतो. आईने वाटीत दूध देऊन कोपऱ्यावरच्या देवळात पिटाळलं. मी रांगेत उभा राहिलो, चमचा सोंडेला लावला, दूध सोंडेवरून पातळ ओघळत खाली चाललेलं पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "पिताबिता काही नाही, पृष्ठताण आहे!" पुढे सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हेच दाखवलं. म्हणजे भारत सरकारच्या थोडं आधी मी. गेली तीस वर्षं ही गोष्ट मी लग्नकार्यांत, ऑफिसात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना सांगितलेली आहे. सुरुवातीला तीत पुजारी नव्हता. आता पुजाऱ्याशी माझा वादही होतो.

प्रयोग कसब्यातल्या एका जुन्या वाड्यात होता. दारात एका मुलीने माझा फोन कापडी पिशवीत घालून पिशवीला कुलूप लावलं, गळ्यात १७ नंबरचा बिल्ला अडकवला आणि म्हणाली, "आत काही गोष्टी खऱ्या आहेत, काही खोट्या." मी विचारलं, "स्वच्छतागृह कुठे आहे?" तिने गंभीरपणे उत्तर दिलं, "तुम्हाला काय वाटतं?"

इथून पुढचे दोन तास मला जे काय वाटत होतं, त्याचा नाटकाच्या आशयाशी काही संबंध नव्हता.

पहिली खोली म्हणजे 'फॅमिली ग्रुप'. भिंतभर छापलेले मेसेज आणि मध्ये नऊवारीतली एक आत्या. मी मनातल्या मनात हसत वाचायला सुरुवात केली. दोन हजारांच्या नोटेत चिप असून ती जमिनीखाली १२० मीटरवरूनही सापडते. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात पहिला नंबर दिला. काय एकेक लोक असतात, असं सईला म्हणणार, तोच प्रत्येक कागदाच्या तळाशी प्रेषकाचा नंबर दिसला. नोटेची चिप १७. युनेस्को १७. रिकाम्या पोटी भेंडीचं पाणीसुद्धा १७.

आत्या माझ्या बिल्ल्याकडे बघत जवळ आली. "तूच ना रे पाठवलंस?"

"मी फक्त पुढे पाठवलं," मी म्हटलं. "वर लिहिलंय बघा, 'आलेला मेसेज आहे तसा पाठवत आहे.'"

"म्हणजे काय?"

याचं उत्तर खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही वकिलाला देता येणार नाही. 'आलेला आहे तसा' हे आपल्याकडचं गंगास्नान आहे. तेवढं लिहिलं की पाप ज्याचं त्याला. चिपवाला मेसेज नोव्हेंबर २०१६ मध्ये मी बँकेच्या रांगेत उभा असताना पाठवला होता, आणि तेव्हा खिशात एकसुद्धा दोन हजारांची नोट नव्हती. पुढे २०२३ मध्ये ती नोटच चलनातून काढून घ्यायचं ठरलं. मेसेज मात्र अजून फिरतोय, चिपसकट.

दुसऱ्या खोलीत एक चित्रफीत दाखवली. पेठेतली गल्ली, एक रिक्षा, एक स्कूटर, टक्कर. पाच-सहा सेकंदांची. ती संपायच्या आत आमच्यातल्या निम्म्यांनी रिक्षावाल्याला दोषी ठरवलं होतं, कारण शेवटी हे पुणं आहे. मग एक प्रश्नपत्रिका आली. माझ्या कागदावर विचारलं होतं, 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?' सईच्या कागदावर, 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?' मी चाळीस लिहिले, तिने वीस. पुढचा प्रश्न, 'फुटलेली काच दिसली का?' मी ठणकावून 'हो' लिहिलं. नुसतं हो नाही, 'डाव्या बाजूला'. चित्रफीत पुन्हा दाखवली. काच नव्हती. रस्ता माझ्या आजीच्या ओसरीसारखा स्वच्छ.

अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये हाच प्रयोग केला होता, असं भिंतीवर लिहिलं होतं. 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना आठवड्याने न फुटलेली काच आठवली, साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. मला आठवडाही लागला नव्हता. दोन मिनिटांत मी काच फोडून डावीकडे पसरूनही ठेवली होती.

एव्हाना माझा डावा गुडघा बोलू लागला होता. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची दिसली, मी बसलो. तर वरून पिवळा झोत पडला.

आजूबाजूला हळूहळू माणसं जमली. कोणी बोलेना. कुर्ता घातलेला एक तरुण वहीत काहीतरी टिपत होता. उठावं तर आपण चुकून बसलो हे कळणार, म्हणून मी शून्यात बघू लागलो. शून्यात बघणं सोपं नसतं, नाकाला खाज सुटते. तेवढ्यात एका बाईंनी गुडघ्यावर बसून हळुवारपणे विचारलं, "काका, तुम्ही काय विसरलात?"

त्याच क्षणी मला लख्ख आठवलं, की स्कूटरची किल्ली स्कूटरलाच राहिलीय. ओट्यापाशी लावली, हेल्मेट काढलं, किल्ली तशीच.

"किल्ली," मी म्हणालो. आवाज खराच कापला.

"हम्म," सगळे म्हणाले.

"कशाची?"

"ती बाहेर आहे," मी म्हणालो. "आणि मी आत."

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. वहीवाल्याने माझं वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मला निसटता आलं. तीस वर्षांपूर्वी आंतरशालेय स्पर्धेत भालदार केला होता, त्यानंतरच्या या पहिल्या टाळ्या. (किल्ली पुढे पँटच्या खिशात सापडली. ती स्कूटरला लटकलेली मला अजूनही स्वच्छ दिसते.)

तिसऱ्या खोलीत काहीच नव्हतं. आवाज नाही, नट नाहीत. फक्त भिंतीवर चार ओळी. १ जुलै २०१८, राईनपाडा, जिल्हा धुळे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं.

तो मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज मलाही आला होता. 'आपल्या भागात टोळी फिरत आहे, सावध राहा', सोबत एक धूसर फोटो. मुलगी तेव्हा बालवाडीत होती आणि वर्गातल्या पालकांचा ग्रुप होता. मी तो तिथे टाकला का? मला आठवेना. नंतर फोन बदलला, बॅकअप घेतला नव्हता, त्या वर्षीच्या गप्पा सगळ्या गेल्या. फोन मला दर काही दिवसांनी 'या दिवशी, काही वर्षांपूर्वी' म्हणून मिसळीचा फोटो काढून दाखवतो, तोही तीन कोनांतून. हे विचारलं तर त्याच्याकडे काही नाही. सई दारात थांबली होती. "चल ना मामा," म्हणाली. मी म्हटलं, आलो.

शेवटची खोली 'स्मृतिकोश'. अंधार, प्रत्येक नंबरासाठी एक स्टीलचा डबा, झाकण उघडलं की आतून आवाज. १७ नंबर उघडला. माझाच आवाज. 'एकवीस सप्टेंबर एकोणीसशे पंच्याण्णव. गुरुवार होता.' ऐकायला बरं वाटत होतं, आवाज रेडिओला चालला असता. 'मी चमचा सोंडेला लावला. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गणपती दूध प्यायला.'

मी झाकण आपटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. तोच आवाज, 'डोळ्यांनी' वर माझा तोच जोर, मध्ये माझा तोच खाकरा. खाकरासुद्धा त्यांनी मशीनकडून करून घेतला होता.

बाहेर पडताना मी त्या दारातल्या मुलीला गाठलं. "हे मी बोललेलो नाही. मी उलट बोललो होतो."

"अट क्रमांक नऊ," ती म्हणाली. "एका वाक्यात बदल करण्याची परवानगी." मग पिशवीचं कुलूप काढून फोन माझ्या हातात देत म्हणाली, "आणि काका, स्वच्छतागृह तुमच्या मागेच आहे." होतं.

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. तीस वर्षं बुद्धिप्रामाण्यवादी म्हणून काढली आणि साडेसातशे देऊन माझ्याच तोंडून चमत्कार वदवून घेतला. हिने विचारलं, "कसं होतं नाटक?" मी म्हटलं, "बघ, साक्षीदार आहे," आणि सईच्या आईला, म्हणजे ताईला, फोन लावला. स्पीकर चालू केला.

"ताई, तो दुधाचा दिवस आठवतो ना? मी देवळातून आल्यावर काय म्हणालो, सांग हिला."

"न आठवायला काय झालं?" ताई म्हणाली. "धापा टाकत आलास आणि ओरडलास, 'आई, अख्खी वाटी प्यायला!'"

"मी?"

"तूच. आईने दृष्ट काढली तुझी. शेजारच्या काकूंनी बूथवर जाऊन नाशिकला फोन केला, तुझं नाव सांगून."

"अगं, पृष्ठताण, पृष्ठताण म्हणालो मी."

"पृष्ठताण तू दिवाळीनंतर आणलास, शाळेत शिकवल्यावर."

हिचा चेहरा मी बघायचं टाळलं. "बरं, पण वाटी? अख्खी वाटी कशी रिकामी होईल? दूध तर ओघळत होतं."

ताई हसायला लागली. "गाढवा, रांग लांब होती म्हणून तू देवळात गेलासच नाहीस. जिन्याखाली बसून प्यायलास. मी वरून पाहिलं. सांगू नको म्हणून मला लिमलेटच्या दोन गोळ्या दिल्यास."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी काही बोललो नाही. आणि मग हळूहळू सगळं आठवायला लागलं. जिन्याखालचा अंधार, तिथला सायकलचा वास, पालथी घातलेली वाटी. दूध कोमट होतं, साखर नव्हती. वरच्या मिशीला लागलेली साय मी शर्टाच्या बाहीने पुसली, तेही अगदी स्वच्छ.

आठवीत मला मिशी नव्हती.