भाच्याच्या बोटांत गणित नाही म्हणे

गेल्या महिन्यात माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, माझ्या बोटांत गणित नाहीये." तो काय म्हणतोय ते मला आधी कळलंच नाही. एसटीत खिडकीशी जागा मिळाली की हाच मुलगा समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज करत बसतो. बेरीज नऊ आली की माझ्या हातावर टाळी. सांगली-कोल्हापूर प्रवासात त्याला दुसरं काही लागत नाही. यंदा तो पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चाललीय.

बहिणीला विचारल्यावर उलगडा झाला. पालकसभेनंतर एका संस्थेनं 'मोफत मार्गदर्शन' ठेवलं होतं. त्यात मुलांची दहाही बोटं स्कॅनरवर ठेवून घेतली, साडेचार हजार रुपये घेतले आणि आठवड्यानं रंगीत, स्पायरल बांधलेली फाइल हातात दिली. डीएमआयटी म्हणतात त्याला, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि स्वभाव सांगणारी चाचणी. फाइलमध्ये लिहिलंय की गणिती-तार्किक बुद्धिमत्ता ७.४२ टक्के, स्वभावाचा पक्षी मोर, मुलाला गणितात 'ताण देऊ नये'. बहिणीनं गणिताची शिकवणी बंद केली आणि गिटारचा क्लास लावला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी घरातल्या घरात बोलले असते. पण त्या संस्थेचा मेसेज तिनं आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात दोन वहिन्यांनी पत्ता विचारला. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: मुलाचा स्वभाव आणि बुद्धी जन्माआधीच ठरलेली असते. ठसे आणि मेंदू गर्भात एकाच वेळी तयार होतात, म्हणून दहा बोटं म्हणजे मेंदूचे दहा कप्पे. याला हार्वर्डच्या शास्त्रज्ञाची मान्यता आहे. लाखो पालकांना अहवाल तंतोतंत जुळल्याचा अनुभव आहे. जन्मजात स्वभाव बदलत नाही, तेव्हा संस्कार, शिकवण्या, ओरडा यांत मुलाची वर्षं वाया घालवू नका.

यातलं एकेक घेते.

ठसे आणि मेंदू एकाच वेळी तयार होतात, हे अर्धं खरं आहे. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटायला लागतात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत कायमच्या होतात. त्वचेचा वरचा थर आणि मेंदू गर्भातल्या एकाच बाह्यस्तरातून येतात, हेही खरं. पण केस, नखं आणि दातांवरचं कवचसुद्धा त्याच स्तरातून येतं. नखं बघून कुणी मुलाचं करिअर ठरवत नाही. शिवाय रेषा गर्भात कायमच्या झाल्या तरी मेंदूचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव ते एक तृतीयांश वजनाचा असतो आणि त्यातल्या जोडण्या पुढे कित्येक वर्षं जुळत आणि तुटत राहतात. मूल काय ऐकतं, कुणाच्या मांडीवर बसतं, काय करून बघतं, त्यावर ते अवलंबून असतं.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्यांच्या सोयीची नाही. २०२२ मध्ये तेवीस हजारांहून जास्त लोकांच्या ठशांचा आणि जनुकांचा मेळ घालून पाहिला गेला. ठशांच्या नक्षीशी जोडलेली जी जनुकं सापडली ती प्रामुख्यानं गर्भातल्या हातापायांची घडण करणारी होती. म्हणजे ठसा हा मुख्यतः हात कसा वाढला त्याचा माग आहे. एक कबुली मात्र द्यायला हवी. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींत तळहाताच्या रेषांची ठेवण वेगळी दिसते आणि डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. तिथे गुणसूत्रातला एक मोठा फरक सगळ्या शरीरभर दिसतो, त्यात हातही आला. तिथून उडी मारून चारचौघांसारख्या मुलाला गणितात ७.४२ टक्के देता येत नाहीत.

'दहा बोटं, दहा कप्पे' यावर मात्र मला थांबायचंय, कारण हा प्रश्न सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी निकालात निघालाय आणि ठशांच्या इतिहासात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर सहीबरोबर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढे हर्शेलनं जमवलेले ठसे लंडनला फ्रान्सिस गाल्टनकडे गेले. गाल्टन म्हणजे डार्विनचा नातेवाईक. बुद्धी आणि गुण वंशातूनच येतात असं आयुष्यभर मांडणारा, 'युजेनिक्स' (म्हणजे निवडक लोकांचाच वंश वाढवून माणूस 'सुधारायचा' हा विचार) हा शब्दच घडवणारा माणूस. ठशांत स्वभाव आणि वंश लिहिलेला सापडावा, अशी जगात सगळ्यात जास्त इच्छा कुणाला असेल तर ती यालाच. त्यानं कसून शोधलं. वेगवेगळ्या वंशांचे ठसे घेतले. विज्ञान शिकणारे, चित्रकला शिकणारे, शेतमजूर, मतिमंदांच्या आश्रमातले रहिवासी, सगळ्यांचे ठसे शेजारी ठेवून पाहिले. १८९२ च्या आपल्या ग्रंथात त्यानं लिहून ठेवलं की ठशांवरून वंश आणि स्वभाव कळेल ही माझी मोठी आशा होती आणि ती खोटी ठरली. नामवंत विचारवंतांच्या आणि मुत्सद्द्यांच्या ठशांसारखेच ठसे जन्मजात मतिमंद माणसांतही सापडतात, हेही त्यानं नोंदवलं. ज्याला हवं होतं, ज्याच्याकडे ठसे होते, त्यानंच हात टेकले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. बंगाल पोलिसांतल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचं वर्गीकरण बसवायला मोठं काम केलं. तिथून आजपर्यंत जगभरचे पोलीस ठसे वापरतात ते माणूस 'कोण' हे ओळखायला. माणूस 'कसा' आहे, हे सांगायला नाही.

आमची आजी बोटांवरची शंख-चक्रं मोजायची आणि माझ्या बोटांवर सहा चक्रं आहेत म्हणून लाडानं माझी बोटं मोडायची. त्याचे तिनं कुणाकडून पैसे घेतले नाहीत आणि त्यावरून कुणाची शिकवणीही बंद केली नाही.

ज्यांना गाल्टन जुना वाटतो त्यांनी जुळ्यांकडे पाहावं. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, बुद्धी आणि स्वभावात त्यांचं साम्य इतर भावंडांपेक्षा बरंच जास्त असतं. तरी त्यांचे ठसे वेगळे असतात, कारण गर्भातला दाब, हालचाल, बोटांची वाढ यांतल्या बारीक फरकांनी रेषा बदलतात. स्वभाव बोटांत लिहिलेला असता तर ही दोन भावंडं एकमेकांना अनोळखी वाटली असती.

हार्वर्डचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तिथले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धिमत्ता अनेक प्रकारच्या असतात असं मांडलं, त्यांच्या यादीचे शब्द या फाइलमध्ये उचललेले आहेत. त्यांच्या मांडणीत बोटांचे ठसे कुठेच नाहीत आणि या चाचण्यांशी आपला संबंध नाही, हे त्यांनी जाहीर सांगितलंय. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१९ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं निवेदन काढलं.

आता 'अहवाल तंतोतंत जुळला'. माझी बहीण यावर अडून बसली होती. "ताई, त्यात लिहिलंय की त्याला कौतुक आवडतं, लवकर मन दुखावतं, आवडीचं काम असेल तर तहानभूक विसरतो. खरंच तसा आहे गं तो." दहा वर्षांच्या कुठल्या मुलाला हे जुळणार नाही? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा निकाल' म्हणून कागद दिला. जुळतो का, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. मी बहिणीला त्या फाइलमधलं स्वभावाचं पान शेजारच्या मुलीच्या नावानं वाचून दाखवायला सांगितलं. तिची आई म्हणाली, अगदी आमचीच.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे: जन्मजात स्वभाव बदलत नाही, संस्कार वाया जातात. इथेही एक गोष्ट मान्य करते, नाइलाजानं का होईना. जुळ्यांच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो त्यातला साधारण चाळीस ते पन्नास टक्के फरक जनुकांशी जोडता येतो. ज्यांना दोन मुलं आहेत त्यांना हे कुणी सांगायला नको, एक पाळण्यातच शांत असतं आणि दुसरं घर डोक्यावर घेतं. पण तो आकडा हजारो लोकांमधल्या फरकाचा आहे, एका मुलाचा नाही. आणि उरलेला वाटा काही छोटा नाही.

त्या उरलेल्या वाट्याचं काय होतं, हे रुमानियात फार क्रूरपणे दिसलं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात तिथले अनाथाश्रम मुलांनी भरले होते. एकेका बाईकडे कितीतरी तान्ही मुलं, त्यांना उचलून घ्यायला कुणी नाही. २००० नंतर बुखारेस्टमधल्या १३६ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी त्यांचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवली आणि बाकीच्यांची आश्रमातली देखभाल चालू राहिली. साडेतीन वर्षांचं वय होईपर्यंत आश्रमवाल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ७७, कुटुंबात गेलेल्यांचा ८६, सुरुवातीपासून स्वतःच्या घरी वाढलेल्यांचा १०३. लवकर घर मिळालं त्यांना जास्त फायदा झाला. या मुलांच्या बोटांवरच्या रेषा आश्रमात जाण्याआधी होत्या तशाच नंतरही होत्या.

आमच्या घरात जे चाललंय ते समजून घ्यायला मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचं म्हणणं सगळ्यात उपयोगी पडलं. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की माणसाच्या मनातली समजूत, त्याचं वागणं आणि भोवतालची परिस्थिती या तीन गोष्टी एकमेकींना सतत ओढत असतात. भाच्याकडे बघा. फाइल आली आणि 'मला गणित येणार नाही' ही समजूत बसली. समजूत बसल्यावर वागणं बदललं, लसावि-मसाविचं पहिलं अडलेलं गणित त्यानं तिथेच सोडलं. त्यानं सोडलं म्हणून आईनं शिकवणी काढली, बाईंनी फळ्याजवळ बोलावणं कमी केलं, म्हणजे परिस्थिती बदलली. घटक चाचणीत गुण उतरले. आणि बहीण मला म्हणाली, "बघ, अहवाल बरोबर होता." फाइलनं त्याच्यात जे शोधल्याचा दावा केला, ते फाइलनंच दोन महिन्यांत तयार केलं.

पाचवीतल्याच मुलांवर १९९८ मध्ये अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू छान मेहनत घेतलीस. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली, सगळी अडली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली तेव्हा 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. एका वाक्यानं. समजूत बदलली की सगळं जिंकलं, असं मात्र मी म्हणणार नाही. पुढे शाळाशाळांतून मोठ्या प्रमाणावर हे करून पाहिलं तेव्हा फायदा छोटा निघाला. पण चांगल्या वाक्याचा फायदा छोटा असला तरी आपण मुलाला ४० पानांची वाईट वाक्यं द्यावीत का?

आणि समजूत नुसत्या बोलण्यानं हलत नाही, हे बांडुरांनीच दाखवलं. सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांना त्यांनी समजावत बसवलं नाही. आधी काचेतून बघायचं, मग खोलीत यायचं, मग हातमोजे घालून हात लावायचा, मग उघड्या हातानं, प्रत्येक पायरीला कुणीतरी सोबत. बहुतेकांची भीती गेली. हातानं केलं, म्हणून मनानं मानलं.

म्हणून मी बहिणीला एवढंच सांगितलं: फाइल माळ्यावर टाक, त्याला 'तू हुशार आहेस'ही म्हणू नकोस, रोज वीस मिनिटं शेजारी बस आणि लसावि दोन आकडी संख्यांवरून सुरू कर. वहिन्यांनो, तुम्हीही साडेचार हजार ठेवून घ्या.

काल रात्री तिनं त्याच्या वहीचा फोटो पाठवला. लसाविची सहा गणितं. दोन चुकलेली, त्यातलं एक खोडून खाली पुन्हा केलेलं.