कॅलिफोर्नियातलं ‘फुकट’ कॉलेज: थोडा खुलासा

‘कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं सगळ्यांना फुकट, नंतर बर्कलीला थेट प्रवेश,’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारं सरकारी कॉलेज; बर्कली म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा नामांकित कॅम्पस.) काल पुण्याच्या मावशीनेही पाठवला. भाच्याची बॅग भरण्याआधी हे वाचा.

फीमाफी खरी आहे, पण सरसकट नाही. ती प्रामुख्याने राज्याच्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी. पहिल्यांदाच कॉलेजात येणारा, पूर्णवेळ म्हणजे सत्राला किमान 12 युनिट (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजायचं माप) घेणारा, आर्थिक मदतीचा अर्ज वेळेत भरलेला. त्यातही प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे. रहिवाशाला माफी मिळाली नाही, तरी युनिटला 46 डॉलर, म्हणजे 12 युनिटचे 552. मूळ रक्कमच लहान आहे, हे त्या मेसेजात कुणी लिहीत नाही! पुस्तकं, आरोग्य शुल्क, पार्किंग हा खर्च वेगळा.

भारतातून एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणारा मुलगा रहिवासी धरला जात नाही. त्याला परराज्य-परदेशाचा दर लागतो आणि तो कित्येक पट जास्त असतो.

आता बर्कली. ठरलेले विषय आणि गुण असतील तर हमीचा प्रवेश देणारी योजना आहे, पण ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहाच कॅम्पसना लागू: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. कम्युनिटी कॉलेजातून तिथे दरवर्षी मुलं जातात, पण स्पर्धेतून. आणि तयारी पहिल्या सत्रापासूनच लागते: कॉलेजच्या समुपदेशकाकडे जाऊन कोणते विषय पुढे धरले जातील ते आधी लिहून घ्यायचं. ही भेट मात्र खरंच फुकट असते.