‘कडेने चला’ हा सल्ला चौकात उलटतो

सायकलस्वारांसाठी लिहिलेला एक मजकूर सध्या भरपूर पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सायकल हे हळू वाहन, तेव्हा चौकातसुद्धा रस्त्याची कड सोडू नका. सिग्नल लाल असेल तर थांबलेल्या गाड्यांच्या डावीकडून सरकत पार पुढे जा. मोठ्या गाड्यांना आरसे असतात, ड्रायव्हरला तुम्ही दिसता. लेनच्या मध्ये येणं ही अडवणूक आहे, शिवाय बेकायदा. आणि उजवीकडे वळायचं असेल तर कडेने चौकापर्यंत जाऊन तिथून वळा.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही. पण दोन चौकांच्या मधल्या सरळ रस्त्याचा नियम त्याने उचलून चौकात आणून ठेवलाय. (पुढचं सगळं डावीकडून वाहतूक चालते असं धरून लिहिलंय, जिथे उजवीकडून चालते तिथे डावं-उजवं उलटं करून वाचा.)

‘कडेला सुरक्षित’ या कल्पनेमागे भीती असते ती पाठीमागून येणाऱ्या गाडीची. सरळ, वेगवान रस्त्यावर ती भीती खरीच आहे आणि तिथे मीही कडेने जातो, फक्त गटाराच्या झाकणांवरून नाही. चौकात मात्र गाड्या एकमेकींच्या वाटा कापतात, त्यामुळे धोका पुढून आणि बाजूने येतो. समोरून येऊन आपल्या वाटेतून उजवीकडे वळणारा ड्रायव्हर काय बघत असतो? दोन गाड्यांमधली फट. तुम्ही कडेला असाल तर तुमच्या उजव्या हाताला चालणारी गाडी तुम्हाला त्याच्यापासून पूर्ण झाकते. ती पुढे निघून गेली की त्याला रस्ता मोकळा दिसतो, तो वळतो, आणि फटीत तुम्ही असता. डाव्या गल्लीतून बाहेर येणाऱ्याचंही तेच. उभ्या गाड्या, खांब, झाडं यांच्या आडून तुम्ही त्याला शेवटच्या क्षणी दिसता. लेनच्या मध्ये असता तर आधीच दिसला असता.

शिवाय डोळे उघडे असले तरी माणूस बघतो तिथेच जिथून काही येईल असं त्याला वाटतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात वळणाऱ्या ड्रायव्हरांच्या नजरेचा अभ्यास केला. तिथे वाहतूक उजवीकडून चालते. उजवीकडे वळणारे बरेचसे ड्रायव्हर फक्त डावीकडे, म्हणजे गाड्या येतात त्या दिशेला बघत होते. उजवीकडून येणारी सायकल त्यांच्या हिशेबातच नव्हती. म्हणून ड्रायव्हर जिथे गाडीची अपेक्षा करतो, सायकल तिथे असलेली बरी.

आता दुसरा मुद्दा, डावीकडून सरकत पुढे जाण्याचा. सगळ्या मजकुरात जीवघेणा असेल तर हाच, आणि आरशांचा मुद्दा त्याला जोडूनच घ्यावा लागतो.

लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आत कापतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत ६ मीटर अंतर असलेला ट्रक घ्या. पुढचा आस १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सलग फिरत राहिला तर मागचा आस त्याच्यापेक्षा सुमारे १.६ मीटर आतून फिरतो. चौकातल्या पाव वर्तुळात हा फरक तेवढा भरत नाही, पण सायकलचं हॅण्डल असतं जेमतेम ६० सेंटिमीटरचं. म्हणजे वळण सुरू होताना ट्रक आणि फुटपाथ यांच्यात दिसणारी ऐसपैस जागा वळण संपेपर्यंत शिल्लक राहत नाही. त्यातच अनेक ड्रायव्हर डावीकडे वळण्याआधी गाडी थोडी उजवीकडे घेतात, मागची चाकं कोपऱ्यावर चढू नयेत म्हणून. सायकलस्वाराला वाटतं, आपल्याला वाट दिली!

मी स्वतः हा मूर्खपणा केलेला आहे. लाल सिग्नलला उभ्या डंपरच्या क्लीनर बाजूने पुढे निघालो होतो. मागचा इंडिकेटर बंद होता, तो मी नीट बघितला होता. मधल्या चाकापाशी पोहोचलो आणि सिग्नल सुटला. ड्रायव्हरने इंडिकेटर लावला असेलही. पण मागचा दिवा आता माझ्या पाठीमागे होता आणि पुढचा दिसत नव्हता. मी फुटपाथवर उडी मारली. सायकलच्या मागच्या चाकाचा आठ झाला. ड्रायव्हर थांबला, खाली उतरला आणि खरोखर चकित झाला. त्याने मला पाहिलंच नव्हतं.

आरसे होते की! पण उंच केबिनमधून डाव्या दाराच्या खालचा आणि बंपरच्या लगेच पुढचा पट्टा थेट दिसत नाही. आरशांत दिसतो तो तुकड्यातुकड्याने, आणि ते सगळे आरसे एकाच क्षणी बघता येत नाहीत. लंडनने याच कारणासाठी १२ टनांवरच्या मालगाड्यांना ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. २०२१च्या मार्चपासून परवान्याची सक्ती झाली, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये किमान अट तीन ताऱ्यांवर नेली. त्याखालच्या गाड्यांना जास्तीची सुरक्षा उपकरणं बसवावी लागतात. आरसे पुरले असते तर हा खटाटोप कशाला केला असता?

काही शहरांत सिग्नलपाशी सायकलींसाठी गाड्यांच्या पुढे रंगवलेली चौकट असते, आणि तिथपर्यंत न्यायला डाव्या कडेने एक अरुंद पट्टा. चौकट उपयोगाची आहे. पट्टा पुष्कळदा सापळा असतो. सिग्नल नुकताच लाल झालाय आणि पुढे फक्त मोटारी आहेत, तर सावकाश जावं. रांगेत ट्रक किंवा बस असेल, किंवा सिग्नल कधी सुटेल याचा अंदाज नसेल, तर रांगेतच, त्या गाडीच्या मागे, लेनच्या मध्ये थांबावं. पट्टा रंगवला म्हणजे वापरलाच पाहिजे असं नाही.

‘बेकायदा’ या आरोपाबद्दल फार लिहायला नको. देशोदेशी नियम वेगळे, पण सरसकट बंदी आहे हे खोटं. ब्रिटनच्या हायवे कोडमधला ७२ क्रमांकाचा नियम जानेवारी २०२२ पासून स्पष्टच सांगतो की चौकाजवळ येताना लेनच्या मध्यभागी चालवा. कॅलिफोर्नियात सायकलने शक्य तितकं कडेने जावं असा कायदा आहे, पण त्याच कलमातल्या अपवादांत गाड्यांना कडेकडे वळण्याची परवानगी असलेली जागा जवळ येणं हाही एक आहे.

अडवणुकीचं म्हणाल तर ३० मीटरचा चौक उभ्यापासून सुरू करून ओलांडायला सात-आठ सेकंद लागतात. पलीकडे गेलं की पुन्हा डावीकडे सरकावं, मागच्याला जाऊ द्यावं. मध्ये येण्याचं कामही ऐनवेळी हॅण्डल फिरवून होत नाही. चौकाच्या बऱ्याच आधी मागे वळून बघायचं, हात दाखवायचा, मागचा वेग कमी करतोय याची खात्री झाली की मग सरकायचं. मागचा वेग कमी करत नसेल तर नाही सरकायचं.

राहिला उजवीकडे वळण्याचा सल्ला. कडेवरून थेट उजवीकडे वळणं म्हणजे सरळ जाणाऱ्या प्रत्येक लेनपुढे सायकल आडवी घालणं. एकच लेन आणि बेताचा वेग असेल तर आधीपासून उजवीकडे सरकून वळता येतं. चार लेनच्या भरधाव रस्त्यावर मीही ते करत नाही. तिथे आधी सरळ पलीकडच्या कोपऱ्यावर जायचं, सायकल फिरवायची आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की निघायचं. डेन्मार्कमध्ये तर समोरची वाहतूक कापणारं वळण सायकलस्वारांनी असंच दोन टप्प्यांत घ्यायचं, हा नियमच आहे. एखादा सिग्नल जास्त जातो, पण त्या मजकुरातल्या वळणापेक्षा मला तो परवडतो.